ऱ्हाइनकाठचे ‘देवाचे मित्र’

चौदाव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या काठाने बाझेलपासून स्ट्रासबुर्गमार्गे कोलोनपर्यंत, आणि पूर्वेकडे स्वाबिया व बव्हेरियातील मठांमध्ये, काही ख्रिस्ती माणसे स्वतःला व परस्परांना ‘देवाचे मित्र’ म्हणत असत. हा पंथ नव्हता. त्याला संस्थापक, नियमावली, दीक्षाविधी, वेगळा वेश यांपैकी काहीही नव्हते. या माणसांत डोमिनिकन संघाचे विद्वान प्रवचनकार होते, मठांतल्या धर्मभगिनी होत्या, पेढी बंद केलेला एक सराफ होता आणि नांगर धरणारा शेतकरीही होता. पोपच्या अधिकाराखालील चर्च त्यांनी सोडले नाही. देवाशी मैत्री होऊ शकते आणि ती याच आयुष्यात, याच देहात अनुभवता येते, या खात्रीने ती एकमेकांशी बांधली गेली होती. देवाशी सख्य म्हणजे एकांतातली, ज्याची त्याची खासगी गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत असते. ऱ्हाइनकाठी मात्र ते पत्रांतून, उसन्या दिलेल्या पुस्तकांतून, आजारपणातल्या विचारपुशीतून आणि माणसांच्या आपसातल्या मैत्रीतून वाढले, टिकले आणि पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचले.

या कल्पनेचे मूळ बायबलमध्ये आहे. जुन्या करारात अब्राहामाला देवाचा मित्र म्हटले आहे, आणि माणूस मित्राशी बोलतो तसा देव मोशेशी समोरासमोर बोले, असे निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे. परंतु अब्राहाम आणि मोशे ही लाखांतली माणसे. त्यांच्यावरून सामान्य भाविकाने आपला हक्क सांगावा, असे तेथे काही नाही. तो हक्क योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येतो. मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो, की तो यापुढे त्यांना दास म्हणणार नाही, मित्र म्हणेल, कारण पित्याकडून जे ऐकले ते सारे त्याने त्यांना सांगितले आहे. धन्याच्या मनात काय आहे हे दासाला माहीत नसते, मित्राला असते. पुढे ऱ्हाइनकाठच्या प्रवचनकारांनी या एका प्रसंगावर जितका भर दिला, तितका फार थोड्या वचनांवर दिला.

विचाराच्या बाजूने यात एक मोठी अडचण होती. मैत्रीला काहीतरी बरोबरी लागते, आणि दोघांतले अंतर फारच वाढले, जसे माणूस आणि देव यांच्यात असते, तर मैत्री उरत नाही, असे ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त लिहून ठेवले होते. तेराव्या शतकात हा ग्रंथ लॅटिनमध्ये संपूर्ण उपलब्ध झाला आणि विद्यापीठांतून शिकवला जाऊ लागला, तेव्हा ख्रिस्ती विचारवंतांना या आक्षेपाला उत्तर देणे भाग पडले. ते टोमास अक्वायनसने दिले. आपल्या ‘सुम्मा’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ईश्वरप्रेमाची चर्चा करताना तो पहिलाच प्रश्न विचारतो, की हे प्रेम म्हणजे मैत्री आहे का. त्याचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्याची मांडणी साधी आहे. मैत्रीत दोघांनी एकमेकांचे भले इच्छावे लागते, आणि दोघांत काहीतरी सामाईक असावे लागते. माणसापाशी देवाला देण्याजोगे, त्याच्या तोलाचे काही नाही. म्हणून देवच आपला आनंद माणसाबरोबर वाटून घेतो आणि त्या वाटणीवर मैत्री उभी राहते. अंतर मिटत नाही, पण ते ओलांडून देव येतो. पुढे घडलेल्या सगळ्या इतिहासाचा वैचारिक पाया येथे आहे. टोमास डोमिनिकन होता, आणि त्याचा विचार ऱ्हाइनकाठी घेऊन जाणारेही त्याच्याच संघाचे होते.

त्याच्याही शंभर वर्षे आधी इंग्लंडमधील रीव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूपात एक ग्रंथ लिहिला होता. दोन मित्र बोलत बसले असताना तिसरा ख्रिस्त त्यांच्यामध्ये असतो, या भावनेनेच तो संवाद सुरू होतो. मात्र एल्रेडचे जग पुरुषांच्या मठाचे होते. ऱ्हाइनकाठी ही गोष्ट स्त्रियांच्या हाती गेली आणि तिचा रंग पालटला.

तेराव्या शतकात या प्रदेशात धार्मिक जीवन पत्करणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढली होती. एकट्या स्ट्रासबुर्गमध्ये डोमिनिकन स्त्रियांचे सात मठ होते. शिवाय बेगीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया मठाचे कायमचे व्रत न घेता लहान घरांतून एकत्र राहत, विणकाम किंवा रुग्णसेवा करून पोट भरत आणि प्रार्थनेत वेळ घालवत. डोमिनिकन भगिनींच्या आध्यात्मिक देखरेखीचे काम पोपने 1267 मध्ये त्या संघाच्या पुरुषांवर सोपवले. त्यामुळे एक अपूर्व योग जुळून आला. पॅरिस आणि कोलोनच्या विद्यापीठी वातावरणात वाढलेले विद्वान, लॅटिन न शिकलेल्या पण प्रार्थनेत मुरलेल्या स्त्रियांसमोर, त्यांच्या बोलीत, देवाविषयी बोलू लागले. ही प्रवचने ऐकून लिहून ठेवण्याचे श्रेय बहुतांशी या स्त्रियांकडेच जाते. जर्मन भाषेतले पहिले सखोल धर्मचिंतन असे मठांच्या प्रार्थनागृहांत घडले.

या प्रवचनकारांत सर्वांत मोठा माइस्टर एकहार्ट. सुमारे 1314 पासून तो जवळजवळ दशकभर स्ट्रासबुर्गमध्ये होता. देव आत्म्याच्या तळाशी आहे, आणि माणसाने सगळी ओढाताण सोडली की तो तेथे जन्मतो, ही त्याची शिकवण. काळ अशा बोलण्याला अनुकूल नव्हता. 1310 मध्ये मार्गरीत पोरेत या स्त्रीला तिच्या पुस्तकापायी पॅरिसमध्ये जिवंत जाळले होते. त्यानंतर व्हिएन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने बेगीन स्त्रियांविरुद्ध कडक भूमिका घेतली आणि 1317 पासून स्ट्रासबुर्गच्या बिशपने आपल्या हद्दीत त्यांच्यावर कारवाई सुरू केली. एकहार्टवरही खटला झाला. निकाल लागण्यापूर्वी तो वारला, आणि 1329 मध्ये पोप योहान बाविसावा याने त्याच्या शिकवणुकीतील 28 विधाने आक्षेपार्ह म्हणून प्रसिद्ध केली. सामान्य लोकांपुढे त्याने नको ते बोलून दाखवले, हा आरोपाचा एक भाग होता. ‘देवाचे मित्र’ हे या घटनेनंतरचे लोक आहेत, हे लक्षात ठेवावे लागते. एकहार्टची खोली त्यांनी सोडली नाही. पण देवाशी एकरूप होण्याची धाडसी भाषा मागे ठेवून त्यांनी मैत्रीची भाषा पुढे आणली. तिच्यात जवळीकही राहते आणि देव देव राहतो, माणूस माणूस.

या मंडळींना एकत्र आणण्याचे काम मात्र राजकारणाने केले. बव्हेरियाचा लुडविग आणि पोप योहान यांच्यात सम्राटपदावरून तंटा पेटला. 1324 मध्ये पोपने लुडविगला धर्मबहिष्कृत केले आणि त्याची बाजू घेणाऱ्या शहरांवर उपासनाबंदी लादली. उपासनाबंदी म्हणजे लोकांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नाही, घंटा नाही, विधिपूर्वक दफन नाही. पुढे 1338 मध्ये लुडविगने उलट हुकूम काढला, की धर्मगुरूंनी ही बंदी मानू नये. मिस्सा केली तर पोपचा रोष, न केली तर नगरातून हकालपट्टी, असा पेच पडला. ज्या माणसाला आयुष्यभर सांगितले होते की देवाची कृपा संस्कारांतून मिळते, त्याच्यापुढे आता दार बंद होते. अशा वेळी देव मित्रासारखा कोठेही भेटतो, हे सांगणे नुसते गोड राहिले नव्हते. लोकांना त्याची निकड होती.

स्ट्रासबुर्ग सोडावे लागलेल्या डोमिनिकनांपैकी योहानेस टाउलर हा प्रवचनकार 1339 च्या सुमारास बाझेलला आला. त्याच सुमारास नॉर्डलिंगेन गावचा धर्मगुरू हाइनरिश हाही त्याच पेचामुळे गाव सोडून तेथे पोचला. टाउलरने त्याला आसरा मिळवून दिला. हाइनरिश मोठा विचारवंत नव्हता, पण मैत्री जोडण्याचे आणि सांभाळण्याचे त्याचे कसब असामान्य होते. बाझेलमध्ये त्याच्याभोवती धर्मगुरू, भगिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुषांचा गोतावळा जमला. मेडिंगेनच्या मठातील मार्गारेटा एब्नर हिला त्याने लिहिलेली पन्नासहून अधिक पत्रे टिकून आहेत, आणि जर्मन भाषेतला खासगी पत्रांचा हा सर्वांत जुना संग्रह समजला जातो. कोण आजारी आहे, कोणी कोणासाठी प्रार्थना मागितली, कोणते पुस्तक कोणाकडे आहे, अशा गोष्टींनी ती भरली आहेत. मार्गारेटा आणि मठप्रमुख यांना टाउलरने लिहिलेले एक पत्रही उरले आहे. त्यासोबत त्याने भेट म्हणून चीज धाडले होते. मठाच्या जेवणघरात पोचलेली ती भेट या चळवळीविषयी जेवढे सांगते, तेवढे मोठे सिद्धांतही सांगत नाहीत.

बाझेलमध्ये हाइनरिशने आणखी एक काम पार पाडले. माक्डेबुर्गच्या मेख्टिल्ड या बेगीन स्त्रीने तेराव्या शतकात उत्तरेकडील जर्मन बोलीत ‘ईश्वरत्वाचा वाहता प्रकाश’ हे पुस्तक लिहिले होते. हाइनरिश आणि त्याच्या मित्रांनी सुमारे दोन वर्षे खपून ते दक्षिणेच्या बोलीत आणले. मेडिंगेनला ते पाठवताना, वाचनापूर्वी प्रार्थना करून मन तयार करावे, घाईने वाचू नये आणि नंतर ते दुसऱ्या मठालाही द्यावे, अशा सूचना त्याने केल्या. मेख्टिल्डची मूळ जर्मन संहिता आज हरवली आहे. तिचे पुस्तक जर्मनमध्ये संपूर्ण वाचायला मिळते ते या मित्रमंडळाच्या रूपांतरामुळेच.

ज्या मार्गारेटाला ही पत्रे जात, ती सुमारे 1291 मध्ये डोनाउव्हर्थच्या प्रतिष्ठित घराण्यात जन्मली. 1312 मध्ये ती गंभीर आजारी पडली आणि पुढे कित्येक वर्षे तिचा बहुतेक वेळ अंथरुणात गेला. कधी तिची वाचा बसे, कधी बोलणे थांबवता येत नसे. हाइनरिशची व तिची पहिली भेट 1332 मध्ये झाली, आणि त्याच्याच आग्रहावरून 1344 पासून तिने आपले अनुभव लिहायला घेतले. त्याच वर्षीच्या नाताळात, सेंट स्टीफनच्या दिवशी, व्हिएन्नाहून तिच्यासाठी पाळण्यातला बाळ येशू आला. ती त्या मूर्तीला उचलून घेई, दूध पाजी, रात्री त्याच्याशी बोले आणि त्याच्या जन्माबद्दल प्रश्न विचारी. तिच्या लिखाणाप्रमाणे बाळ उत्तरेही देई. पुढच्या काळातील काही अभ्यासकांनी यात केवळ मनाचा विकार पाहिला. पण घरात बाळकृष्णाला न्हाऊ-जेवू घालणाऱ्या वाचकांना हे वागणे समजायला अवघड जाऊ नये. ज्याच्यावर जीव आहे त्याची सेवा हातांनी करावी, ही तिची साधी ओढ होती.

या मैत्रीतली सर्वांत लक्षणीय बाब वेगळीच आहे. हाइनरिश पोपच्या बाजूचा होता आणि त्यासाठी त्याने घरदार सोडले होते. मार्गारेटाचा जीव मात्र लुडविगवर होता. तो 1347 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी तिने कळकळीने प्रार्थना केली आणि त्याला गती मिळणार, असे आश्वासन तिला प्रार्थनेत मिळाले. तो काळ असा होता, की या एका प्रश्नावर शहरे दुभंगत आणि मठ ओस पडत; तरीही त्यांचा पत्रव्यवहार थांबला नाही.

कॉन्स्टान्सच्या बाजूचा हाइनरिश झॉयझ हा एकहार्टच्या शिष्यांतला सर्वांत भावुक लेखक. तरुणपणी त्याने छातीवर येशूच्या नावाची अक्षरे लोखंडी टोकाने कोरून घेतली आणि चाळिशीपर्यंत शरीराला भयंकर क्लेश दिले. मग ते सारे सोडून दिले. व्हिंटरथूरजवळच्या टॉस मठातील एल्सबेट श्टागेल ही त्याची आध्यात्मिक शिष्या. तिनेही तसेच क्लेश सुरू केले, तेव्हा त्याने तिला थांबवले: देव प्रत्येकाला वेगळ्या वाटेने नेतो, दुसऱ्याचे ओझे आपण उचलू नये. तो जे सांगे ते एल्सबेट गुपचूप लिहून ठेवी. हे कळल्यावर त्याने कागद मागून घेतले आणि काही जाळलेही. मग मात्र आतून मनाई झाली म्हणून उरलेले राखले. त्यांतून त्याचे चरित्र सिद्ध झाले, आणि जर्मनमधील आत्मचरित्राचा तो एक आरंभ मानला जातो. पुढे एल्सबेटने येशूच्या नावाची अक्षरे तांबड्या रेशमाने लहान लहान कापडांवर भरली. झॉयझने ती आपल्या छातीला लावून आशीर्वाद दिला आणि तिने ती त्याच्या ओळखीच्या भाविकांना वाटली. रक्ताने कोरलेले नाव एका स्त्रीच्या हातून रेशमात उतरले आणि घरोघर गेले. झॉयझची वाट कठोरतेकडून कोमलतेकडे वळली ती अशी.

टाउलर चारेक वर्षांनी स्ट्रासबुर्गला परतला आणि 1361 मध्ये तेथेच वारला. त्याची सुमारे ऐंशी प्रवचने उपलब्ध आहेत. त्यांत देवाचे मित्र म्हणजे ख्रिस्ती जगाला तोलून धरणारे खांब आहेत, असा विचार वारंवार येतो. पण हे खांब कोठे असतात, यावरचे त्याचे उत्तर त्या काळाला धक्का देणारे होते. आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे उदाहरण तो देतो. देवाच्या श्रेष्ठ मित्रांपैकी तो एक, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ शेतीच करत आलेला. काम टाकून चर्चमध्ये जाऊन बसू का, असे त्याने देवाला विचारले, तर उत्तर आले की नको. घाम गाळून भाकर कमव. त्याच प्रवचनात टाउलर सूत कातण्याच्या आणि जोडे शिवण्याच्या कौशल्याला पवित्र आत्म्याची देणगी म्हणतो, आणि आपण धर्मगुरू नसतो तर चांगले जोडे शिवण्यात अभिमान मानला असता, असे सांगतो. ऐकणाऱ्या भगिनी स्वयंपाक, शिवण, आजाऱ्यांची सेवा यांतच दिवस घालवत. त्यांना हे बोल आपल्यासाठी आहेत हे सांगावे लागले नसेल.

टाउलरचे खरे मोठेपण आणखी एका ठिकाणी आहे. देवाची मैत्री म्हणजे सतत गोड अनुभव, असे तो कधीच म्हणत नाही. आरंभी आनंदाचा उमाळा येतो. मग तो ओसरतो. प्रार्थना कोरडी होते, देव होता की नव्हता असे वाटू लागते, मागचे अनुभवही भास वाटतात. हा टप्पा मैत्री तुटल्याची खूण नाही, ती पक्की होण्याचा काळ आहे, असे टाउलर ठामपणे सांगतो. या काळात नवनवे विधी, नवे गुरू, नव्या यात्रा शोधत पळू नये. आहे तेथे थांबावे. सुखातल्या अनुभवावर उभी असलेली ओळख त्या सुखाबरोबर जाते, आणि कोरड्या दिवसांत जी टिकते तिच्यातूनच तिसरी, शांत अवस्था उगवते. दोन शतकांनंतर स्पेनमधील योहान ऑफ द क्रॉस याने काळोख्या रात्रीविषयी जे लिहिले, त्याची पूर्वखूण येथे सापडते.

1349 हे वर्ष या शहरांनी पाहिलेले सर्वांत भीषण वर्ष. प्लेगची साथ ऱ्हाइनकाठी पसरत होती, आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा तिच्याही पुढे धावत होती. बाझेलमध्ये जानेवारीत आणि स्ट्रासबुर्गमध्ये 14 फेब्रुवारीला ज्यू रहिवाशांना जाळण्यात आले. स्ट्रासबुर्गमध्ये तर रोगाने शहर गाठण्याआधीच. देवाच्या मैत्रीची एवढी प्रवचने झालेल्या शहरात हे घडले, आणि चळवळीच्या कोणत्याही गौरवापुढे ही गोष्ट उभी राहते.

याच शहरात रुलमान मर्स्विन हा श्रीमंत सराफ राहत होता. 1347 मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने धंदा सोडला. त्याच्या मृत्यूनंतर सापडलेल्या आत्मकथनानुसार, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी बागेत फिरताना त्याने देवाला सर्वस्व देण्याचे ठरवले, तोच एका तेजाने त्याला वेढले आणि उचलून बागभर फिरवले. पुढे तो उपास आणि देहदंड यांनी इतका खंगला, की टाउलरला पापनिवेदनाच्या वेळी त्याला आवर घालावा लागला. 1352 च्या ‘नऊ खडकांचे पुस्तक’ या ग्रंथात तो पोपपासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांचे दोष दाखवतो आणि देवाकडे चढत जाणारे नऊ टप्पे रंगवतो. अगदी वरच्या खडकावर मोजकेच मित्र उरलेले असतात. त्याच पुस्तकात, कित्येक ख्रिस्ती माणसांपेक्षा काही ज्यू आणि अन्यधर्मीय देवाला अधिक प्रिय आहेत, असाही विचार आहे. हत्याकांडाला तीनच वर्षे झाली होती. त्या शहरात असे लिहायला छाती लागत होती.

1367 मध्ये मर्स्विनने स्ट्रासबुर्गच्या वेशीजवळ, इल नदीतील ‘हिरवे बेट’ येथील ओसाड मठ विकत घेऊन दुरुस्त केला, आणि 1371 मध्ये तो सेंट जॉनच्या संघाला सोपवला. कारभार मात्र तीन प्रापंचिक विश्वस्तांच्या हाती ठेवला. संन्यास न घेता देवाच्या सहवासात राहू इच्छिणाऱ्यांसाठी हे घर होते. तेथील बंधूंना मर्स्विनमार्फत एका गूढ व्यक्तीची पत्रे आणि पुस्तके मिळत: ‘वरच्या मुलखातला देवाचा मित्र’. तो डोंगरांत सोबत्यांसह राहतो आणि साधा प्रापंचिक असूनही थोर धर्मपंडितांना मार्ग दाखवतो, असे त्या लिखाणावरून समजे. 1382 मध्ये मर्स्विन वारला आणि पत्रे थांबली. बंधूंनी पुष्कळ शोध घेतला. कोणी सापडले नाही. याच लिखाणातली, एका अज्ञात प्रापंचिकाने मोठ्या प्रवचनकाराला खऱ्या भक्तीकडे वळवल्याची कथा पुढे टाउलरची म्हणून त्याच्या प्रवचनांबरोबर छापली गेली आणि शतकानुशतके खरी मानली गेली. 1879 मध्ये हाइनरिश डेनिफ्ले या डोमिनिकन इतिहासकाराने ती कथा टाउलरची नसल्याचे दाखवले आणि लगेचच तो गूढ मित्र ही मर्स्विनची निर्मिती असल्याचे मांडले. पुढे कार्ल रीडरने मर्स्विनचा लेखनिक निकोलाउस याच्यावर संशय घेतला. लेखक कोणीही असो, त्याच्या कल्पनेतला गुरू पदवीधर नाही, मठाधिपती नाही, दीक्षित नाही. प्रापंचिक माणसाला देवाच्या मैत्रीत पहिले स्थान मिळावे, ही तहान त्या शहरात किती खोल होती, याचा हा पुरावा आहे.

चौदावे शतक संपता संपता हे मित्रमंडळ विरले. त्याची पुस्तके मात्र राहिली. फ्रांकफुर्टमधील ट्युटॉनिक संघाच्या एका अनाम धर्मगुरूने लिहिलेले ‘जर्मन धर्मविद्या’ हे छोटे पुस्तक देवाचे खरे आणि खोटे मित्र कसे ओळखावेत हे सांगण्यासाठीच लिहिले गेले होते. मार्टिन ल्यूथरने 1516 मध्ये त्याचा काही भाग आणि 1518 मध्ये संपूर्ण पुस्तक छापले. टाउलरची प्रवचने 1498 मध्ये लाइपझिगला प्रथम छापली गेली. 1508 च्या आउग्सबुर्ग आवृत्तीच्या समासात ल्यूथरने स्वतःच्या हाताने टिपणे केली आहेत. कॅथलिक बाजूला 1548 मध्ये झालेल्या लॅटिन भाषांतरातून टाउलर सर्व युरोपात वाचला गेला. ल्यूथरचे प्रॉटेस्टंट अनुयायी आणि कॅथलिक एकमेकांविरुद्ध शस्त्रे परजत असताना तो दोघांच्याही घरी होता.

सतराव्या शतकात आल्सासमध्ये जन्मलेला फिलिप याकोब श्पेनर याने 1670 पासून फ्रांकफुर्टमध्ये घरगुती बैठका सुरू केल्या. प्रापंचिक माणसे एकत्र बसत, वाचत, प्रार्थना करत, एकमेकांना सावरत. 1675 च्या आपल्या पुस्तकात त्याने टाउलर आणि ‘जर्मन धर्मविद्या’ यांच्या वाचनाची शिफारस केली. श्पेनरच्या प्रभावाखाली वाढलेल्या आउगुस्ट हेर्मान फ्रांकेच्या हाले शहरातूनच बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युट्शाउ हे दोघे तरुण निघाले आणि जुलै 1706 मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे उतरले. भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याची सुरुवात त्यांच्यापासून होते.

मेडिंगेनच्या मार्गारेटाला कॅथलिक चर्चने 1979 मध्ये ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. हाइनरिश झॉयझला तो मान 1831 मध्ये मिळाला होता. एकहार्ट, टाउलर आणि मर्स्विन यांना तो मिळालेला नाही.